मानशीवरची भाषा आणि आपले भाषावाद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात राजभाषेचा, म्हणजे कोकणी की मराठी हा विषय निघाला की आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एक मुद्दा हमखास येतो. माणूस ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत विचार करतो, म्हणून भाषा गेली की विचार परका होतो आणि संस्कृती संपते. मराठीवालेही हेच लिहितात आणि कोकणीवालेही हेच लिहितात, २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांच्या अनुदानावरून वाद पेटला तेव्हा तर दोघांनी एकाच स्टेजवरून हेच सांगितलं. मी स्वतः घरात कोकणी बोलते, देवापुढे आरती मराठीत म्हणते, पेपर मराठी वाचते, आणि ऑफिसात दिवसभर इंग्रजी ईमेल लिहिते. गोव्यातल्या बहुतेक हिंदू घरांत थोड्याफार फरकाने असंच चालतं. मग माझ्या डोक्यात तीन वेगवेगळी माणसं राहतात का, आणि त्यातलं खरं गोंयकार (गोव्याचं माणूस) कोण? हा प्रश्न मला बरीच वर्षं सतावतोय म्हणून याच्यावर जे काही संशोधन झालंय ते जमेल तसं वाचत गेले. त्यातून माझं एक मत झालंय, ते दोन्ही बाजूंना फारसं आवडणार नाही तरी छापावं अशी विनंती.

या सगळ्या कल्पनेच्या मागे ज्याचं नाव घेतलं जातं तो बेंजामिन ली व्होर्फ, अमेरिकन. गंमत म्हणजे तो पोटासाठी प्रोफेसर नव्हता, हार्टफर्डच्या एका फायर इन्शुरन्स कंपनीत आगी का लागतात ते शोधायचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात येल विद्यापीठात एडवर्ड सपीरकडे भाषाशास्त्र शिकायचा. त्याने एक गोष्ट टिपून ठेवली होती. पेट्रोलचे भरलेले पिंप जिथे असायचे तिथे कामगार जपून वागायचे, पण 'रिकामे' पिंप ठेवलेल्या ठिकाणी बिनधास्त सिगरेट ओढायचे, कारण रिकामं म्हटलं की आत काही नाही असं वाटतं, प्रत्यक्षात आत राहिलेली वाफ भरलेल्या पिंपापेक्षा जास्त धोक्याची असते. हे वाचलं तेव्हा मला पटलं, आजही पटतं. माणूस नुसत्या वस्तूकडे बघून वागत नाही, त्या वस्तूला आपण काय म्हणतो त्याकडे बघूनही वागतो.

पण इथपर्यंतच. पुढे व्होर्फने होपी नावाच्या अमेरिकन आदिवासींबद्दल लिहिलं की त्यांच्या भाषेत आपल्यासारखा काळच नाही, त्यामुळे ते काळाचा विचारच वेगळा करतात, आणि जगभर लोकांनी ते डोक्यावर घेतलं. १९८३ साली भाषाशास्त्रज्ञ एकेहार्ट मालोत्की यांनी होपी लोकांच्या बोलण्यातली काळाची इतकी उदाहरणं छापली की त्याची सहाशेच्या वर पानं झाली. दिवस, ऋतू, काल, उद्या, सगळं आहे त्यांच्याकडे. तसंच ते एस्किमोंचे बर्फासाठी शेकडो शब्द. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली चार दिले होते, त्याचे लोकांनी एकमेकांचं वाचून वाचून शेकडो केले, आणि १९८६ साली लॉरा मार्टिन यांनी ही अफवा कशी वाढत गेली ते दाखवूनही दिलं, तरी आपल्याकडच्या भाषणांत ते अजून येतंच.

आणि व्याकरण बघून माणसाचं मन ओळखायला गेलं की काय होतं त्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. आमच्या कोकणीत लहान मुलीला, लग्न न झालेल्या पोरीला नपुंसकलिंगात बोलतात. तो आयलो, ती आयली, पण घरातली पोर असेल तर तें आयलें. मी पण लग्न होईपर्यंत आजीच्या तोंडी 'तें'च होते. बाहेरच्या कोणी पंडिताने हे बघितलं तर तो लिहून मोकळा होईल की गोव्यातले लोक मुलीला माणूस मानत नाहीत, वस्तू मानतात. पण त्या 'तें'मध्ये जी माया आहे ती ज्याने ऐकलीय त्यालाच कळते. बायकांवर अन्याय आमच्याकडेही झालाय, भरपूर झालाय, पण तो 'ती' आणि 'तें' ने केला नाही. जर्मन भाषेतही मुलगी नपुंसकलिंगी आहे. त्यामुळे एखाद्या भाषेचं व्याकरण दाखवून तिच्या लोकांची लायकी ठरवणं, आणि हे आपल्याकडे कोकणी-मराठी वादात दोन्हीकडून सर्रास होतं, मला अत्यंत चुकीचं वाटतं.

तर मग भाषेचा विचारावर परिणाम होतच नाही का? होतो. नीट तपासून दाखवलेला आहे, आणि तो मला या मोठमोठ्या दाव्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तर भागात गूगू यिमिथिर भाषा बोलणारे लोक डावं-उजवं म्हणत नाहीत, सगळं पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण. तुझ्या दक्षिणेकडच्या पायावर मुंगी आहे असं बोलायचं, त्यामुळे दिशा कुठली याचं भान लहानपणापासून सतत जागं ठेवावं लागतं, आणि ते बंद खोलीतही जागं असतं. मेक्सिकोच्या डोंगरात तेनेहापा गावचे त्सेल्ताल लोक चढाकडे आणि उताराकडे असं बोलतात, टेबलावरची बाटलीसुद्धा चढाकडची आणि उताराकडची. हे वाचताना मला आमचं चोडण बेट आठवलं. आमच्याकडे जुनी माणसं अजून वयर (वर) आणि सकयल (खाली) म्हणूनच पत्ता सांगतात, आणि त्यात खाली म्हणजे कुठे, तर पाण्याकडे. बेटावर कुठेही उभं राहा, पाणी कुठल्या बाजूला आहे आणि जमीन कुठे चढते ते ठाऊक असल्याशिवाय तो पत्ता कळतच नाही. आता फेरीतून उतरलेला माणूस मोबाईल बघत लेफ्ट, राइट करत घरापर्यंत येतो, बरोबर येतो, चुकत नाही, पण पाणी कुठल्या बाजूला आहे विचारलं तर सांगता येत नाही त्याला.

आकड्यांचंही असंच. चिनीत एकवीसला दोन-दहा-एक म्हणतात, अकराला दहा-एक. चिनी आणि अमेरिकन लहान मुलांच्या मोजण्याची तुलना केली तेव्हा दहापर्यंत दोघं सारखीच होती, दहाच्या पुढे अमेरिकन मुलं अडखळायला लागली, कारण इंग्रजीतले अकरा-बाराचे शब्द काही सांगतच नाहीत. आपल्या मराठीत तर एकवीसमध्ये एक आधी वीस नंतर, आणि एकोणतीस म्हणायला तीस अगोदर माहीत पाहिजे. म्हणून तर महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं आणलं आणि केवढा गदारोळ झाला. मला वाटतं त्यात मुलांची अडचण खरी होती आणि लोकांचा राग पण खरा होता.

पण आपल्या आकड्यांची दुसरी बाजू कोणी बोललंच नाही. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, इतके सुटसुटीत अपूर्णांक रोजच्या तोंडात असलेली भाषा म्हणजे केवढं मोठं भांडवल आहे, आणि त्यांचे पाढे होते, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आमच्या आजोबांना (आम्ही आजो म्हणायचो) पाऊणकी तोंडपाठ होती आणि ती शाळेसाठी नव्हती. सगळ्या कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीला पाऊणाने गुणायचं. चतुर्थी असेल तर तीन, षष्ठी असेल तर साडेचार, अष्टमीला सहा, की अंदाजे त्या तासाला भरती पुरी होणार. समुद्राच्या मुखापासून तुम्ही नदीत किती आत आहात त्याप्रमाणे थोडं मागे-पुढे करायचं, ते ज्याला त्याला आपापल्या पाण्यावरून माहीत. आजो पाण्याकडे बघायच्या आधी पंचांगाकडे बघायचे, आणि पंचांग नसलं तर आदल्या रात्रीच्या चंद्राकडे. कारण त्यांना मानशीवर जायचं असायचं.

मानस काय ते आपल्या बार्देश-तिसवाडी-सासष्टीच्या वाचकांना सांगायला नको, पण पेपर डिचोली-सत्तरीतही जातो आणि हल्लीच्या मुलांनाही माहीत नसतं म्हणून थोडं सांगते. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे, म्हणजे खाऱ्या नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खालची, बांध घालून मिळवलेली शेती. त्या बांधात चिऱ्यांचं बांधकाम करून लाकडी दारं बसवलेली असतात ती मानस. दारं अशी टांगलेली असतात की भरती चढायला लागली की नदीचं पाणीच त्यांना दाबून बंद करतं, आणि ओहोटीला शेतातल्या पाण्याचा दाब जास्त झाला की तीच दारं नदीकडे उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. ना मोटर ना वॉचमन. पावसाने जमिनीतला खार धुऊन गेला की कोरगूटसारखं खारं सोसणारं भात, ते कापलं की खारं पाणी आत घ्यायचं आणि मासे, सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे). मासेमारीच्या हक्काची पावणी (लिलाव) व्हायची आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला. बांध कोणा एकाचा नव्हता, एकाने आपल्या तुकड्यासमोर हयगय केली तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी, म्हणून गावकारी, म्हणजे गावाने मिळून जमीन आणि बांध सांभाळायची व्यवस्था. पुढे तिलाच कोमुनिदाद नाव पडलं, तिच्या चालीरीती पोर्तुगीजांनी १५२६ साली लिहूनही काढल्या, म्हणजे ते यायच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं.

आता बघा, तिथी, पाऊणकी, वयर-सकयल, पावणी, बांधावर कोणाची पाळी, हे सगळं बोलणं त्या एका दाराभोवती होतं. ते कोकणीत होतं, हिशेब मराठी मोडीत राहिले असतील नाहीतर पोर्तुगीजमध्ये, देवाचं गाऱ्हाणं आणखी तिसऱ्याच थाटात. तीन-चार भाषा होत्या आणि माणसाचा विचार मात्र एकसंध होता कारण काम एक होतं. हेच मला सांगायचंय. भाषा विचाराला वळण लावते ते ती तोंडात आहे एवढ्यानेच नाही, ती ज्या कामात रोज वापरली जाते त्या कामाने लक्ष कुठे द्यायचं ते शिकवलेलं असतं, आणि भाषा ते लक्ष पुढच्या पिढीपर्यंत सांभाळून नेते. काम बंद पडलं की शब्द डिक्शनरीत राहतो, लक्ष मात्र जातं.

जून १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायचं. सत्ता त्यांची, चर्च त्यांचं, कोर्ट त्यांचं. तरी कोकणी मेली नाही, कारण बांध फुटला तर पोर्तुगीजमध्ये ओरडून कोण येणार होतं? शेत, चूल, मासळी, बाळंतपण, सगळं तिच्यात होतं. मराठीचंही तसंच, ती इथे कीर्तन, भजन, नाटक, पोथी यांच्या बळावर टिकली, आणि भक्तीची भाषा म्हणून तिची ताकद एवढी होती की इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांना ख्रिस्ताची कथा इथल्या लोकांना सांगायची तर मराठी ओवीतच सांगावी लागली, रायतूरला १६१६ साली ती छापली गेली. कुठल्याही कायद्याने ना कोकणी टिकवली ना मराठी. १९८७ चा, कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, त्याची गरज होतीच, मी त्याच्या विरोधात नाही, पण तो झाल्यापासूनच्या काळात खाजनं पडीक पडत गेली, मानशींची लाकडं कुजली, शेतात खारफुटी माजली, आणि याच्यावर भाषेच्या नावाने एकही मोर्चा मी बघितला नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

उलट बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी, ती म्हणजे परकी भाषा वाईटच असं काही नाही. शिकागो विद्यापीठातल्या बोअझ कायझर यांच्या टीमने २०१२ साली एक अभ्यास छापला. सहा लाख लोक आजारी आहेत, एका औषधाने दोन लाख नक्की वाचतील असं सांगितलं की लोक ते खात्रीचं औषध घेतात, आणि तेच औषध चार लाख नक्की मरतील असं सांगितलं की लोक ते सोडून दुसऱ्या, बेभरवशाच्या औषधाचा धोका पत्करतात, हिशेब तोच असून. मातृभाषेत विचारलं तेव्हा हा फरक दिसला, नंतर शिकलेल्या भाषेत विचारलं तेव्हा तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे परक्या भाषेत माणूस जरा थंड डोक्याने ठरवतो. २०१४ साली आल्बर्ट कोस्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पाच जणांना वाचवायला एकाला गाडीखाली ढकलायचं का असल्या प्रश्नालाही परक्या भाषेत जास्त लोक हो म्हणतात.

हे दुसरं वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. आमच्या नात्यातल्या एका घरी भाट (माडांची बागायत) विकायचं चाललं होतं, टेबलावर इंग्रजी कागद, सर्व्हे नंबर, चौरस मीटर, प्रत्येकाचा वाटा, सगळे मान हलवत होते, कोणाचा आवाज चढला नाही. मग एक वयस्क आत्या आतून आली, तिला इंग्रजी येत नाही, तिने कोकणीत एवढंच विचारलं की विहिरीकडचा फणस पण गेला काय. आणि खोलीतले लोक बोलायचे थांबले, दोन भावांनी त्या दिवशी सही केली नाही. ती सही करायला हवी होती की नव्हती हे मी सांगत नाही, भाट शेवटी विकलंच. पण गोव्यातले जमिनीचे बहुतेक निर्णय आता इंग्रजी कागदावर थंड डोक्याने होतात, बाह्य विकास आराखडा, झोन, कन्व्हर्जन, सेटलमेंट, आणि ग्रामसभेत कोणी म्हातारा कोकणीत उभा राहिला की त्याला इमोशनल म्हणून खाली बसवतात. थंड डोकं पाहिजेच, पण ज्या भाषेत त्या जमिनीची आठवण आहे तिच्यातही तोच प्रश्न एकदा विचारला गेला पाहिजे आणि ते उत्तरही इतिवृत्तात लिहिलं गेलं पाहिजे, हा माझा आग्रह आहे.

शाळांचं सांगायचं तर सरकारी मराठी शाळा बंद पडताहेत, कोकणी शाळांनाही मुलं मिळत नाहीत, आई-बाबा इंग्रजीकडे का पळतात ते मला कळतं, नोकरी तिकडे आहे. त्यांना संस्कृतीची भीती घालून परत आणता येणार नाही, मुलाचा मेंदू गुलाम होईल असं सांगणं तर खरंही नाही. त्यापेक्षा माध्यम कुठलंही असो, प्रत्येक शाळेने मुलांना ओहोटीच्या वेळी मानशीवर न्यावं, तिथे जो म्हातारा अजून दार सांभाळतो त्याला बोलू द्यावं, त्याच्याच कोकणीत, शिक्षकांनी मधे भाषांतर करू नये. पाचवी-सहावीच्या मुलांना पंचांगातली तिथी बघून पाऊणकीने भरतीची वेळ काढायला लावावी आणि दुसऱ्या दिवशी नदीवर जाऊन ती किती चुकली ते मोजायला लावावं, यात गणित आलं, भूगोल आला, मराठी आली आणि कोकणीही आली, वाद न होता.

आणि एक मागणी थेट तुमच्याकडे, संपादकसाहेब. पेपरात रोज सोन्याचा भाव, राशीभविष्य, पंचांग येतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगाव बंदराच्या वेळा मिळतात, त्या पंचांगातल्या तिथीच्या शेजारी रोज छापा. आठवड्यातून एकदा अर्धा कॉलम खाजन, मिठागर, रेंदेर (माडाची सूर काढणारे), पागी (मासेमार), कुळागर (सुपारीची बाग) यांच्या कामासाठी ठेवा, काम करणाऱ्या माणसाने सांगितलेलं, त्याच्या बोलीत, आणि त्याच्या कोकणीला मराठीचे कपडे घालू नका. बातमीदाराला वेळ नसेल तर आमच्या वाड्यावर मी विचारून लिहून पाठवीन, सध्या बांधाच्या डागडुजीचं काम चालू आहे आणि दोन जुने जाणते कामावर रोज असतात, तेवढ्यात सुरुवात करता आली तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, चोडण, तिसवाडी